घराच्या आधी जागा

महापालिकेची निवडणूक जवळ आली की सगळ्या व्यासपीठांवरून घराची भाषा सुरू होते. घरकुल देऊ, झोपडीच्या जागी पक्कं घर देऊ, घरपट्टी कमी करू. १५ जानेवारी २०२६ रोजी राज्यातल्या २९ महापालिकांसाठी मतदान झालं. त्यांत खानदेशातल्या जळगाव आणि धुळे या दोन्ही महापालिका होत्या. त्याआधी दोन वर्षांहून जास्त काळ या दोन्ही शहरांत निवडून आलेला एकही नगरसेवक नव्हता, सगळा कारभार प्रशासकाकडे होता. इतक्या दिवसांनी मत द्यायला मिळालेल्या माणसानं उमेदवाराकडे घर मागावं, यात गैर काहीच नाही. भाड्याच्या दोन खोल्यांत संसार करणाऱ्याला दुसरं काय मागावंसं वाटणार? तरीही मला वाटतं की आपण योग्य दारात उभे राहून तिथे नसलेली वस्तू मागतो. नगरसेवकाच्या हाती घर नसतं, जागा असते. ही एकच गोष्ट इथे सावकाश उलगडून पाहायची आहे.

सुरुवात राज्यघटनेपासून करू. ७४व्या घटनादुरुस्तीनं १ जून १९९३ पासून नगरपालिका-महापालिकांना घटनात्मक स्थान मिळालं आणि त्यांच्या कामांची यादी म्हणून बारावी अनुसूची आली. तीत १८ विषय आहेत. पहिला विषय नगरनियोजन. दुसरा, जमिनीचा वापर आणि इमारतींचं बांधकाम यांवरचं नियंत्रण. मग रस्ते, पाणी, स्वच्छता, अग्निशमन, झोपडपट्टी सुधारणा, बागा, स्मशानभूमी, जन्ममृत्यूच्या नोंदी, अगदी कत्तलखान्यांपर्यंत. या १८ विषयांत घरबांधणी हा स्वतंत्र विषय नाही. ग्रामपंचायतींसाठीच्या अकराव्या अनुसूचीत ग्रामीण गृहनिर्माण आहे, शहरांच्या यादीत मात्र ते नाही. महापालिकेनं घरं बांधूच नयेत असा याचा अर्थ होत नाही, अनेक महापालिकांनी बांधली आहेत. पण घरासाठी लागणारा पैसा दिल्ली-मुंबईहून येतो, योजना तिकडेच ठरते, लाभार्थ्याचे निकषही तिकडेच ठरतात. शहराच्या सभागृहात जे ठरतं ते असं की कुठल्या शिवारात वस्ती होईल, कुठून रस्ता जाईल, कुठली जमीन शाळेसाठी राखली जाईल आणि कुठली गरिबांच्या घरांसाठी.

जागा म्हणताना माझ्या मनात पाच-सहा गोष्टी एकत्र आहेत. जमिनीचा तुकडा, त्यावर राहणाऱ्याच्या नावाचा उतारा, तिथपर्यंत पोचणारा रस्ता, नळाचं पाणी, सांडपाण्याची वाट, आणि कामाच्या ठिकाणापासूनचं असं अंतर की जाण्यायेण्यातच मजुरी संपू नये. यातलं एक जरी नसलं तर वर बांधलेल्या चार भिंती घर होत नाहीत. आणि या यादीतलं जवळजवळ प्रत्येक काम स्थानिक संस्थेकडे येतं.

हे नवं शहाणपण नाही. धुळ्याचा जन्मच या क्रमानं झाला आहे. १८१८ मध्ये खानदेश पेशव्यांकडून इंग्रजांकडे गेला. इथला पहिला पोलिटिकल एजंट कॅप्टन जॉन ब्रिग्ज यानं १८१९ मध्ये कारभाराचं ठाणं म्हणून धुळे निवडलं. तेव्हा ते पांझरेच्या काठचं, पाटाच्या आणि मळ्यांच्या मधोमध दडलेलं गाव होतं. घरं चारशेच्या आसपास आणि वस्ती सुमारे अडीच हजार. ब्रिग्जनं व्यापाऱ्यांना इथे येऊन वसण्याचं उत्तेजन दिलं, लांबून कारागीर आणवले. घर बांधण्याच्या जागा कायमच्या बिनभाड्याच्या दिल्या, आणि पक्की घरं बांधता यावीत म्हणून जुन्या रहिवाशांना तशी नवागतांनाही उचल दिली. सरकारनं सरकारी कचेऱ्या बांधल्या, रहिवाशांची घरं बांधायला घेतली नाहीत. त्यांना जागा दिली, सरळ रस्ते दिले, थोडा पैसा दिला आणि घर ज्याचं त्याला बांधू दिलं. आग्रा रोडच्या आसपास क्रमांकांनी ओळखल्या जाणाऱ्या सरळ गल्ल्यांतून आजही चालताना शहर आधी आखलं गेलं आणि मग भरत गेलं, हे पायांनाच कळतं.

ब्रिग्जचं कौतुक करण्याचा माझा हेतू नाही. त्याला कोणी निवडून दिलं नव्हतं आणि त्याला बाजारपेठ हवी होती ती महसुलासाठी. त्या आखणीतूनही काही निसटलंच. १८७२ च्या सप्टेंबरात पांझरेला पूर आला तेव्हा शहरातली शेकडो घरं गेली. नदीला तिची जागा सोडायला हवी हा धडा धुळ्याला तेव्हाच मिळाला होता. अलीकडच्या वर्षांत पांझरेच्या दोन्ही काठांनी रस्ते झाले, त्यावरून शहरात वाद झाले, आणि त्या वादाच्या मुळाशीही नदीची जागा किती, शहराची किती, हाच प्रश्न होता. तरी क्रमापुरतं बोलायचं तर १८१९ चा क्रम बरोबर होता. जागा आधी, घर मग.

हा क्रम उलटा झाला की काय होतं, ते जळगावनं जितकं भोगलं तितकं राज्यातल्या दुसऱ्या एखाद्या शहरानं क्वचितच भोगलं असेल.

१९९० च्या दशकाच्या उत्तरार्धात जळगाव नगरपालिकेनं झोपडपट्टीवासीयांसाठी घरकुल योजना हाती घेतली. शहराच्या भोवती नऊ ठिकाणी ११,४२४ घरं बांधायची होती. जळगावचा त्या वेळचा आकार लक्षात घेतला तर हा आकडा प्रचंड होता. एका घरात पाच माणसं धरली तरी पन्नास-साठ हजार लोकांची सोय. कर्ज हुडकोकडून, म्हणजे केंद्र सरकारच्या गृहनिर्माण व नगरविकास महामंडळाकडून आलं. काम खानदेश बिल्डर्स या ठेकेदार संस्थेला दिलं गेलं. त्यातली सुमारे दीड हजार घरं पूर्ण झाली आणि बाकी योजना बसली. २००३ मध्ये नगरपालिकेची महापालिका झाली. पुढे आयुक्त असलेल्या डॉ. प्रवीण गेडाम यांनी कागदपत्रं तपासली आणि फेब्रुवारी २००६ मध्ये पोलिसांत फिर्याद दिली. गैरव्यवहाराची रक्कम २९ कोटी ५९ लाख रुपये सांगितली गेली. अटकांना २०१२ साल उजाडलं. खटला धुळ्याच्या विशेष न्यायालयात चालला आणि ३१ ऑगस्ट २०१९ रोजी निकाल लागला. ४८ जण दोषी ठरले. माजी मंत्री सुरेश जैन यांना सात वर्षांची कैद आणि १०० कोटी रुपयांचा दंड, माजी राज्यमंत्री गुलाबराव देवकर यांना पाच वर्षांची कैद. शिक्षेविरुद्ध प्रकरण उच्च न्यायालयात गेलं, आणि सुरेश जैन यांना तिथे जामीनही मिळाला.

या प्रकरणाची चर्चा नेहमी पैशाभोवती होते. किती कोटी, कोणाला किती वर्षं, कोण कोणाचा माणूस. ती चर्चा व्हायलाच हवी. पण मला यातली दुसरी बाजू जास्त महत्त्वाची वाटते. फिर्यादीत ठेकेदाराला दिलेल्या बिनव्याजी आगाऊ रकमेचा मुद्दा होता, निविदेच्या अटी सैल केल्याचा होता, आणि त्यांच्याइतकाच मोठा मुद्दा जमिनीचा होता. काही जागा पालिकेच्या मालकीच्या नव्हत्या, बिनशेती परवानगी झालेली नव्हती, तरी तिथे काम सुरू झालं होतं. म्हणजे पैसा गैरमार्गाला लागला नसता असं घटकाभर धरलं, तरी त्या घरांच्या पायाखाली जागा पक्की नव्हती. वाफसा नसताना पेरणी करावी तसं हे झालं. बी चांगलं होतं की वाईट, हा त्यानंतरचा प्रश्न.

आणखी एक गोष्ट. दोषी ठरलेल्यांत मोठी संख्या त्या वेळच्या नगरसेवकांची होती. आपण प्रभागातून ज्यांना दिवाबत्तीसाठी, गटारीसाठी निवडून दिलं असं आपल्याला वाटत होतं, ते सभागृहात जमिनीचे आणि कर्जाचे निर्णय घेत होते. ते निर्णय कोणाच्या प्रचारसभेत आले होते? घरं बांधू एवढंच लोकांपर्यंत आलं. कुठल्या गटात, कोणाच्या मालकीच्या जमिनीवर, किती व्याजानं, हे विचारायची सवय ना मतदाराला होती ना उमेदवाराला सांगायची.

त्या काळात जळगावनं कर्ज काढून बरंच काही बांधलं. नगरपालिकेची सतरा मजली इमारत आणि व्यापारी संकुलं हीही त्याच बांधकामाच्या भरातली. हुडकोचं कर्ज मात्र महापालिकेच्या मानेवर बसलं. हप्ते थकले, प्रकरण कर्जवसुली न्यायाधिकरणापर्यंत गेलं, महापालिकेची बँक खाती गोठवण्यापर्यंत वेळ आली. शेवटी २०१९ मध्ये राज्य सरकारच्या पुढाकारानं एकरकमी तडजोडीतून हे ओझं उतरण्याचा मार्ग निघाला. मधल्या सगळ्या वर्षांत जळगावकर खड्ड्यांतून गाड्या चालवत राहिले. व्यापारी संकुलांतल्या दोन हजारांहून जास्त गाळ्यांची भाडेपट्ट्याची मुदत २०१२ मध्ये संपली आणि तो वाद त्यानंतर प्रत्येक निवडणुकीत उभा राहत आला. तोही शेवटी शहराच्या मालकीच्या जागेचाच वाद आहे. ती जागा कोणाकडे, किती भाड्यानं आणि कोणाच्या सोयीनं राहावी, एवढाच त्याचा अर्थ.

आता या कर्जाचा एक परिणाम पाहू, जो फारसा कोणी बोलून दाखवत नाही. त्यासाठी विकास आराखडा समजून घ्यावा लागेल, ज्याला आपण सगळे डी.पी. म्हणतो. महाराष्ट्र प्रादेशिक नियोजन व नगररचना अधिनियम १९६६ चा. त्यानुसार शहरानं आपला आराखडा करायचा आणि साधारण वीस वर्षांनी तो सुधारायचा. आराखड्यात जमिनींवर आरक्षणं पडतात: शाळा, दवाखाना, मैदान, भाजी बाजार, बेघरांसाठी घरं. ‘आमच्या वावरात आरक्षण पडलं’ हे वाक्य जळगाव-धुळ्याच्या भोवतालच्या कुठल्याही गावात ऐकायला मिळतं, आणि ते दुःखानं म्हटलं जातं. साहजिक आहे. आरक्षण पडलं की मालकाला ती जमीन स्वतःच्या मर्जीनं वापरता येत नाही, आणि महापालिका मोबदला देऊन ती ताब्यातही घेत नाही. वर्षानुवर्षं तो अडकून पडतो.

म्हणून कायद्याचं कलम १२७ आहे. आराखडा लागू झाल्यापासून दहा वर्षांत जमीन घेतली गेली नाही तर मालक खरेदीची नोटीस देऊ शकतो. नोटिशीनंतर ठरलेल्या मुदतीत, जी आता चोवीस महिने आहे, महापालिकेनं संपादनाची पावलं उचलली नाहीत तर आरक्षण व्यपगत होतं. मालकाच्या बाजूनं हा न्यायच आहे. पण शहराच्या बाजूनं पाहा. ज्या महापालिकेची बँक खातीच गोठतात, ती जमिनीचा मोबदला कुठून देणार? त्यातून २०१३ च्या भूसंपादन कायद्यानं मोबदला वाढला, तो वाढायलाच हवा होता. रोख न देता विकास हक्क, म्हणजे टी.डी.आर., देण्याचा मार्ग आहे, पण तो विकत घेणारे बिल्डर मोठ्या शहरांत भेटतात, मध्यम शहरांत त्याला तितकी मागणी नसते. म्हणजे साखळी अशी होते: जागा पक्की न करता घरं बांधायला घेतली, घरं राहिली, कर्ज उरलं. कर्जामुळे आरक्षित जागा घेता येत नाहीत, आणि घेतल्या नाहीत तर त्या एकेक करून सुटतात. घरांच्या नावानं काढलेलं कर्ज अशा रीतीनं पुढच्या घरांची जागा खाऊ शकतं. हा तोटा कुठल्याच फिर्यादीत मोजला जात नाही, कारण त्यात चोरी झालेली नसते, फक्त मुदत संपलेली असते.

आजच्या योजनांकडे वळलं तरी पुन्हा तिथेच येऊन थांबावं लागतं. पंतप्रधान आवास योजना शहरी भागात जून २०१५ पासून सुरू झाली, तिचा दुसरा टप्पा २०२४ मध्ये आला. तिच्या एका घटकात स्वतः घर बांधणाऱ्याला महाराष्ट्रात केंद्राचे दीड लाख आणि राज्याचा एक लाख, असे अडीच लाख रुपये मिळतात. गरजू कुटुंबासाठी ही रक्कम मोठी आहे आणि तिनं खरोखर घरं उभी राहिली आहेत. पण पहिली अट कोणती? जागा नावावर हवी. ज्याच्याकडे बापजाद्याची पडकी मातीची खोली आहे, तिचा सिटी सर्व्हेचा उतारा आहे, त्याचं घर होतं. नाल्याच्या काठी पत्र्याखाली राहणाऱ्याकडे सगळे कागद असतात, रेशनकार्ड, मतदार ओळखपत्र, वीजबिल, आणि तरी तो या घटकाखाली अपात्र ठरतो. म्हणजे ज्याची गरज सगळ्यांत मोठी, त्याच्यापर्यंत पैसा पोचत नाही, कारण पैसा उतरायला खाली जागा नाही. सरकारलाही हे ठाऊक आहे. म्हणूनच ग्रामीण भागात घरकुलासाठी जागा विकत घ्यायला मदत करणारी पंडित दीनदयाळ उपाध्याय यांच्या नावाची वेगळी योजना काढावी लागली. शहरी झोपडपट्टीवासीयासाठी हे काम फक्त आराखडा करू शकतो, किंवा तो राहतो ती जागा त्याच्या नावे नियमित करणारा ठराव.

इथे विनोबांची आठवण होते. १९३२ मध्ये धुळ्याच्या तुरुंगात त्यांनी गीतेवरची प्रवचनं दिली आणि साने गुरुजींनी ती टिपून घेतली, हे खानदेशात घरोघरी माहीत आहे. त्यानंतर जवळजवळ वीस वर्षांनी, १९५१ च्या एप्रिलमध्ये, तेलंगणातल्या पोचमपल्लीत भूमिहीन हरिजनांना त्यांनी विचारलं की तुम्हाला काय हवं. त्यांनी ऐंशी एकर जमीन मागितली. ती शेतीसाठी होती हे खरं. पण ज्याच्याकडे काहीच नाही, त्यानं पहिल्यांदा काय मागितलं, हे विसरता येत नाही.

जागा मिळाली नाही म्हणून माणूस घराशिवाय राहत नाही. तो आपली जागा शोधतो. शहराच्या कडेला एखाद्या वावराचे गुंठ्या-गुंठ्यानं तुकडे पडतात, साध्या स्टॅम्पपेपरवर व्यवहार होतो, चुन्याच्या रेघा मारून प्लॉट दाखवले जातात. ना मंजूर लेआउट, ना खुल्या जागेची सोय, ना गटारीचा उतार. दहा वर्षांत तिथे कॉलनी होते, कॉलनीला देवाचं किंवा पुढाऱ्याचं नाव मिळतं, आणि मग निवडणुकीत रस्त्याची मागणी सुरू होते. राज्यानं २००१ मध्ये गुंठेवारी नियमित करण्याचा कायदा केला, १ जानेवारी २००१ पर्यंतच्या वस्त्यांसाठी. २०२१ मध्ये ती तारीख ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे आणावी लागली. म्हणजे मधली वीस वर्षं शहरं कायदेशीर, परवडणारी जागा पुरवू शकली नाहीत आणि लोक बेकायदेशीर जागा घेत राहिले, याची ती सरकारी कबुलीच आहे. यात प्लॉट घेणाऱ्याला दोष देणं मला अन्यायाचं वाटतं. आयुष्याची पुंजी घालून त्यानं जे घेतलं ते शहरानं त्याला सरळ मार्गानं द्यायला हवं होतं.

धुळ्यात हाच प्रश्न हद्दवाढीच्या रूपानं आला. २०१८ च्या सुरुवातीला वलवाडी, महिंदळे, अवधान यांसारखी ११ गावं महापालिकेच्या हद्दीत आली आणि त्याच वर्षी डिसेंबरात महापालिकेची निवडणूक झाली. शहराच्या देवपूर भागाला लागून असलेली वलवाडी तर आधीच शहर होऊन गेली होती, फक्त कागदावर ग्रामपंचायत होती. गाव हद्दीत आलं की शेताचा भाव बदलतो, घरपट्टी बदलते, पाणीपुरवठा कोणी करायचा ते बदलतं. पुढच्या तीस वर्षांसाठी इतका मोठा निर्णय दुसरा नसेल. पण प्रचारात हद्दवाढ येते ती फक्त नव्या घरपट्टीच्या रागातून. या ११ गावांतली कुठली जमीन गरिबांच्या वस्तीसाठी राखणार, हा प्रश्न विचारण्याची वेळ तीच होती. अशा गावांत जमीन अजून मोकळी असते आणि दर अजून आवाक्यात असतात. एकदा प्लॉटिंग झालं की ती वेळ परत येत नाही.

राज्याच्या एकत्रित विकास नियंत्रण नियमावलीनंही ही जबाबदारी आपल्यावरच टाकली आहे. डिसेंबर २०२० पासून लागू झालेल्या या नियमावलीत मोठ्या लेआउटमध्ये २० टक्के जागा किंवा घरं दुर्बल आणि अल्प उत्पन्न गटासाठी ठेवण्याची तरतूद आहे. ती दहा लाख किंवा त्याहून जास्त लोकसंख्येच्या महापालिकांसाठी. २०११ च्या जनगणनेत जळगाव ४ लाख ६० हजारांचं आणि धुळे पावणेचार लाखांचं. शेजारचं नाशिक त्यात बसतं, आपण बसत नाही. म्हणजे मोठ्या शहरात बिल्डरकडून कायद्यानं जे निघतं, ते आपल्याकडे फक्त आपल्या आराखड्यातल्या आरक्षणातून निघू शकतं. सभागृहानं ते केलं तर होईल, नाही केलं तर नाही.

दुसरीकडे हे कसं होतं ते पाहायला लांब जायला नको. खानदेशातली हजारो कुटुंबं पोटासाठी सुरतेत गेली आहेत, उधना-लिंबायतकडे तर अहिराणी रस्त्यावर ऐकू येते. गुजरातेतली शहरं वाढली ती बहुतांशी नगररचना योजनांतून, ज्यांना तिकडे टी.पी. स्कीम म्हणतात. अनेक शेतकऱ्यांच्या जमिनी एकत्र धरायच्या, रस्ते आखायचे, शाळा-बागांची जागा काढायची आणि प्रत्येकाला आकारानं लहान पण रस्त्याला लागून असलेला चौकोनी भूखंड परत द्यायचा. कोणाचं वावर पूर्ण जात नाही आणि कोणी एकटा नफ्यातही राहत नाही. दुर्बल घटकांच्या घरांसाठी दहा टक्क्यांपर्यंत जमीन राखायची तरतूद तिथल्या कायद्यात आहे. सुरतेत झोपडपट्ट्या नाहीत असं मी म्हणणार नाही, आपलीच माणसं तिथे राहतात. पण महापालिकेला दरवेळी जमीन विकत घेत बसावं लागत नाही. गंमत नव्हे, खंत अशी की अशा योजनांचा देशातला पहिला कायदा मुंबई इलाख्याचाच, १९१५ चा. आपल्या १९६६ च्या कायद्यातही ही तरतूद आहे. महाराष्ट्रानं ती कित्येक दशकं जवळजवळ बाजूला ठेवली.

युरोपातलं व्हिएन्ना शहर तर अशा चर्चेत नेहमी येतं. तिथल्या नगरपालिकेनं १९२३ ते १९३४ या काळात साठ हजारांच्या वर घरं बांधली आणि लोक आजही त्यांत राहतात. जळगावच्या अकरा हजारांपुढे तो आकडा स्वप्नासारखा वाटतो. पण तिथे आधी शहरानं मोठ्या प्रमाणावर जमीन विकत घेऊन ठेवली होती, आणि बांधकामाचा पैसा कर्जापेक्षा करांतून, मोठ्या घरांवर चढत्या दरानं बसवलेल्या करांतून उभा केला होता.

आता शेवटचा दुवा, निवडणुकीचा. आराखडा तयार होतो तेव्हा त्याचं प्रारूप प्रसिद्ध होतं आणि हरकती-सूचनांसाठी ३० दिवस मिळतात. त्या ऐकायला नियोजन समिती बसते. तीत स्थायी समितीचे तीन सदस्य असतात आणि नगररचना संचालकांनी नेमलेले जास्तीत जास्त चार जाणकार. जळगावात सभागृह ७५ जणांचं, त्यातून स्थायी समिती १६ जणांची, आणि त्यातले तीन जण शहराच्या वीस वर्षांच्या जमिनीवरच्या हरकती ऐकतात. प्रशासक असेल तर लोकांनी निवडलेलं तिथे कोणीच नसतं. हे तीन जण कोण असावेत याची चर्चा मी कधी चौकात ऐकली नाही. महापौर कोणाचा, यावर मात्र महिनाभर गप्पा होतात. त्यात चार सदस्यांचा प्रभाग. चौघांना मत द्यायचं, आणि काम अडलं की चौघांपैकी कोणाकडे जायचं ते कळत नाही.

त्या ३० दिवसांत अर्ज कोण करतं? ज्याच्या वावरावर आरक्षण पडलं तो करतो. ज्याच्या प्लॉटवरून डी.पी. रोड गेला तो करतो. वकील आणि आर्किटेक्ट त्यांच्यासोबत असतात. त्यांचं म्हणणं खरंही असतं. पण हरकती येतात त्या बहुतेक आरक्षण उठवा म्हणून येतात. आरक्षण ठेवा, वाढवा, बेघरांच्या घरांची ही जागा सोडू नका, असं लिहून देणारा माणूस क्वचित भेटतो, कारण ज्याला त्या घराची गरज आहे त्याच्याकडे जमीनच नाही, आणि नकाशा हा जमीनवाल्यांचा विषय आहे अशी त्याची समजूत करून दिलेली आहे. पाच वर्षांसाठी निवडलेल्या प्रतिनिधीनं या माणसाच्या वतीनं उभं राहावं अशी अपेक्षा होती. तो सहसा ज्याच्याकडे अर्ज आहे त्याच्या बाजूनं उभा राहतो, आणि ते अगदी मानवी आहे.

म्हणून नव्या सभागृहातल्या आपल्या चारही नगरसेवकांना विचारायचं ते असं. आपल्या प्रभागात दुर्बलांच्या घरांसाठी कुठल्या गटांत किती आरक्षण आहे? त्यातलं किती ताब्यात आलं, आणि किती जणांनी कलम १२७ ची नोटीस दिली? नोटिशीची मुदत कधी संपते आणि अंदाजपत्रकात तिच्यासाठी किती रक्कम धरली? हद्दीत नव्यानं आलेल्या शिवारात नगररचना योजना करायचा ठराव कोण मांडणार? ज्या वस्त्या सरकारी जमिनीवर आहेत, त्यांतल्या किती कुटुंबांच्या नावे जागा करता येईल, आणि त्याची मोजणी कधी सुरू होईल? यातल्या एकाही प्रश्नाला ‘वरून निधी आला की बघू’ हे उत्तर लागू पडत नाही. आरक्षणांची यादी आणि नकाशा नगररचना विभागात पाहायला मिळतात, माहितीच्या अधिकारात प्रतही मिळते. आणि पुढचं प्रारूप प्रसिद्ध होईल तेव्हा साध्या कागदावर सूचना लिहून देता येते. ती देणाऱ्याच्या नावावर जमीन असली पाहिजे, अशी अट कायद्यात कुठेही नाही.